राहून गेलेला आरसा

बालभारतीची नववीची (२०१७) आणि दहावीची (२०१८) ‘गणित भाग दोन’ ही पुस्तके शेजारी ठेवून त्यांतील निर्देशक भूमितीची प्रकरणे सलग वाचली, तर पहिले मत चांगलेच होते. नववीत अक्ष, आरंभबिंदू, चरण, बिंदूंचे स्थापन, अक्षांना समांतर रेषा आणि रेषीय समीकरणाचा आलेख येतो. दहावीत दोन बिंदूंमधील अंतर, विभाजनाचे सूत्र, मध्यबिंदू, मध्यगासंपात आणि रेषेचा चढ. भाषा स्वच्छ आहे, पायऱ्या सुटलेल्या नाहीत, सरावाला उदाहरणे पुरेशी आहेत. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एक गोष्ट खटकू लागते. या दोन्ही प्रकरणांत एकही आकृती जागची हलत नाही. त्रिकोणाचे तीन शिरोबिंदू दिले जातात, बाजू मोजल्या जातात, तो समद्विभुज आहे की काटकोन हे ठरते, आणि त्याला तिथेच सोडून पुढच्या उदाहरणाकडे जायचे. हाच त्रिकोण सरकवला, फिरवला किंवा आरशात पाहिला तर त्याच्या निर्देशकांचे काय होईल, हा प्रश्न कोठेच विचारलेला नाही.

अभ्यासक्रमात ‘हेही हवे होते’ असे म्हणणारे पुष्कळ असतात, आणि प्रत्येकाचे ऐकले तर दप्तर उचलवणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. एखादा घटक नाही म्हणून आम्ही तक्रार करत नाही. आमची तक्रार एका तुटलेल्या धाग्याची आहे. सहावीच्या २०१६ च्या पुस्तकात सममितीला स्वतंत्र प्रकरण होते. कागदाची घडी, आरसा, सममितीचा अक्ष ही तिथली भाषा. मुले ते आनंदाने करतात, कारण ते हाताने करायचे असते. त्यानंतर आरसा जो गुंडाळून ठेवला जातो तो ठेवलाच जातो. तीन वर्षांनी निर्देशक येतात तेव्हा ते हाताशी काही संबंध नसलेले, केवळ सूत्रात घालायचे आकडे म्हणून येतात. घडीच्या कागदाला आलेख कागदाशी जोडणारा सर्वांत स्वस्त पूल म्हणजे तिरक्या रेषेत त्रिकोणाचे प्रतिबिंब काढणे. राज्यात २०२५ साली पहिलीपासून नव्या पाठ्यपुस्तकांना सुरुवात झाली आहे. नववी-दहावीची पाळीही येईल. ती पुस्तके लिहिणाऱ्यांनी आणि त्याआधी वर्गात शिकवणाऱ्यांनी या पुलाकडे पाहावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

परावर्तन शिकवणारी पुस्तके इतरत्र आहेत. आयसीएसई मंडळाच्या दहावीत बिंदूचे परावर्तन येते. पण अक्षांत, अक्षांना समांतर रेषांत आणि आरंभबिंदूत. उभ्या-आडव्या आरशांपलीकडे ते जात नाही. इंग्लंडमधील जीसीएसई परीक्षेत य = क्ष या रेषेत त्रिकोणाचे प्रतिबिंब काढणे हा नेहमीचा प्रश्न आहे, आणि तेथे मुलांना परीक्षेत पारदर्शक कागद वापरू देतात. ही मुभा आम्हांला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात त्रिकोणमितीय व्यस्त फलांपाशी हा आरसा एकदम समोर येऊन उभा राहतो. फलाच्या आलेखावर (अ, ब) हा बिंदू असेल तर व्यस्त फलाच्या आलेखावर (ब, अ) असतो, म्हणून ते दोन आलेख य = क्ष या रेषेत एकमेकांची प्रतिबिंबे होत, असे एका शेऱ्यात सांगून पुस्तक पुढे जाते. देवळ्याच्या किंवा कळवणच्या शाळेतून दहावी होऊन विज्ञान शाखेला गेलेल्या मुलाने तिरका आरसा आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिलेला असतो. ते वर्ष प्रवेश परीक्षांचे. घडी घालून पाहायला तेव्हा सवड कोणाला असते?

हा आरसा शिकवला जातो तिथेही तो बहुधा एका वाक्यात शिकवला जातो: क्ष आणि य यांची अदलाबदल करा. नियम बरोबर आहे. त्याने उत्तर येते आणि गुणही मिळतात. मात्र ज्याला अदलाबदल येते त्याला आरसा कळला आहे असे समजणे धोक्याचे आहे. हे दाखवण्यासाठी पाठ्यपुस्तकी त्रिकोण न घेता आम्ही नाशिक जिल्ह्यातलाच एक त्रिकोण घेतो.

भूगोलाच्या तासाला काय होते ते पाहा. शिक्षक सांगतात, देवळा सुमारे २०.५ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.२ अंश पूर्व रेखांशावर आहे. अक्षांश आधी, रेखांश नंतर. हा क्रम जुना आणि जगभर रूढ आहे. आता नकाशा भिंतीवर टांगला तर अक्षांश म्हणजे किती वर आणि रेखांश म्हणजे किती उजवीकडे. म्हणजे भूगोलात उभा आकडा आधी आणि आडवा मागून. घंटा होते, गणिताचा तास सुरू होतो, आणि त्याच फळ्यावर आडवा आकडा आधी येतो. देवळा आता (७४.२, २०.५) झाला. एकाच शाळेतील हे दोन तास एकमेकांची य = क्ष या रेषेतील प्रतिबिंबे आहेत, आणि दोघांपैकी कोणीही हे मुलांना सांगत नाही. ‘उत्तर’ आणि ‘पूर्व’ हे शब्द बरोबर असतात तोवर बिघडत नाही. शब्द गळून पडले आणि नुसते आकडे उरले, की बिघडते.

नाशिक (७३.८, २०.०), येवला (७४.५, २०.०) आणि देवळा (७४.२, २०.५) असा त्रिकोण घेऊ. आडवा रेखांश, उभा अक्षांश, एक दशांश स्थळापर्यंत. येवला नाशिकच्या जवळजवळ थेट पूर्वेला आहे, त्यामुळे पाया आडवा येतो आणि आकडेमोड सोपी होते. आता हे आकडे कोणी उलट क्रमाने वाचले असे समजा. नाशिक (२०.०, ७३.८) येथे गेले, येवला (२०.०, ७४.५) येथे आणि देवळा (२०.५, ७४.२) येथे. अर्थात ७४.२ अंश उत्तर आणि २०.५ अंश पूर्व. नकाशावर बोट ठेवून पाहिले तर आपण नॉर्वेच्या उत्तरेला, बॅरेन्ट्स समुद्राच्या पश्चिम भागात असतो. तिन्ही शिरोबिंदू पाण्यात. जवळची जमीन म्हणजे बेअर बेट. १५९६ साली विलेम बॅरेन्ट्सच्या जहाजांना ते सापडले आणि तेथे पाहिलेल्या पांढऱ्या अस्वलावरून त्याला नाव पडले. येवल्याची प्रतिमा त्या बेटाच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर पडते. पैठणीच्या गावाला असा शेजार!

मग आरसा कोठे आहे? देवळा आणि त्याची प्रतिमा यांचा मध्यबिंदू दहावीच्या सूत्राने काढला तर (४७.३५, ४७.३५) येतो. नाशिकचा (४६.९, ४६.९), येवल्याचा (४७.२५, ४७.२५). तिन्ही मध्यबिंदूंत दोन्ही निर्देशक सारखे, म्हणजे तिन्ही य = क्ष या रेषेवर. नकाशावर ही ठिकाणे रशियात, अस्त्राखानच्या वरच्या अंगाला, व्होल्गा नदीच्या परिसरात आहेत. मुलांना हे करायला सांगितले तर मध्यबिंदूच्या सूत्राला प्रथमच काही काम मिळते. एरवी ते सूत्र, मध्यबिंदू काढा म्हटले की मध्यबिंदू काढते, आणि स्वस्थ बसते.

हा खेळ नुसता गमतीचा आहे असे कोणी म्हणेल, म्हणून एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. हे दोन आकडे आता नकाशापुस्तकात बंदिस्त राहिलेले नाहीत. महाराष्ट्रात २०२१ साली ई-पीक पाहणी सुरू झाली तेव्हापासून कांद्याच्या किंवा डाळिंबाच्या शेतात उभा असलेला शेतकरी पिकाचे छायाचित्र अक्षांश-रेखांशासह फोनवरून नोंदवतो. तिथे आकडे यंत्र घेते, हे खरे. पण विहिरींची, शाळांची किंवा झाडांची यादी हाताने तयार करून संगणकाला देण्याचे काम आज शाळेतल्या प्रकल्पातही होते. फोनवरचे नकाशे बहुधा अक्षांश आधी दाखवतात, तर नकाशाची माहिती साठवण्याची जिओजेसन ही पद्धत, जिचे प्रमाणलेखन २०१६ साली झाले, रेखांश आधी मागते. क्रम चुकला की अख्खा तालुका समुद्रात. असे झाल्यावर चूक कशी ओळखायची, हा खरा प्रश्न आहे, आणि इथे आपल्या पुस्तकांतील हत्यारे पुरतात का हे तपासून पाहण्यासारखे आहे.

पहिले हत्यार अंतराचे सूत्र. मूळ त्रिकोणात नाशिक–येवला अंतर ०.७. नाशिक–देवळा: आडवा फरक ०.४, उभा ०.५, म्हणून ०.४१ चे वर्गमूळ, सुमारे ०.६४. येवला–देवळा: फरक ०.३ आणि ०.५, ०.३४ चे वर्गमूळ, सुमारे ०.५८. आता प्रतिमेच्या बाजू मोजा. ०.७, ०.६४, ०.५८. तंतोतंत त्याच. बाबाबा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप, आणि एकरूप म्हटले की आपल्या भूमितीत विषय संपला. अंतराच्या सूत्राला चूक झाल्याचा पत्ताच लागत नाही.

आता सूत्र बाजूला ठेवा आणि नाशिकला उभे राहा. तोंड येवल्याकडे केले तर देवळा डाव्या हाताला येतो. नाशिक, येवला, देवळा या क्रमाने फिरले तर फेरा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने होतो. समुद्रातल्या त्रिकोणात नाशिकच्या जागी उभे राहून येवल्याच्या जागेकडे पाहिले तर तोंड उत्तरेला होते आणि देवळा उजव्या हाताला. फेरा काट्यांच्या दिशेने. लांबी, कोन, क्षेत्रफळ सारे जसेच्या तसे राहिले. फक्त डाव्याचे उजवे झाले. आरशाचा गुण हाच. सकाळी भांग पाडताना तो आपण रोज पाहतो, आणि निर्देशक भूमितीच्या दोन प्रकरणांत त्याचा उल्लेख नाही.

बटर पेपरवर मूळ त्रिकोण काढून घेतला तर हे हाताला कळते. टेबलावर कागद कितीही सरकवा, कितीही फिरवा, तो प्रतिमेवर बसत नाही. उचलून पालथा घातला की लगेच बसतो. येवला हा आपला शिरोबिंदूच आहे, म्हणून पैठणीची आठवण करून देण्यास हरकत नाही. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलट बाजूनेही सुलट्यासारखाच दिसतो, पण सुलट्या बाजूला उजवीकडे पाहणारा मोर उलट्या बाजूला डावीकडे पाहत असतो. पदर जमिनीवर फिरवून तो मोर वळत नाही. पदर पालथाच करावा लागतो.

इथे एक सूचना. या प्रयोगाला त्रिकोण विषमभुज असावा. समद्विभुज त्रिकोण घेतला तर तो पालथा न करताही, नुसता फिरवून प्रतिमेवर बसतो आणि सांगायची गोष्टच नाहीशी होते. परावर्तनाच्या सरावपत्रिकांत आरंभबिंदूपाशी बसवलेले, दोन भुजा सारख्या असलेले काटकोन त्रिकोण पुष्कळदा दिसतात. ते काढायला सोपे असतात, एवढाच त्यांचा गुण.

डावे-उजवे आकड्यांत पकडता येते का? येते, आणि त्यासाठी लागणारे साधन दहावीच्याच मुलाच्या दप्तरात असते. फक्त ते दुसऱ्या पुस्तकात असते. ‘गणित भाग एक’मध्ये क्रेमरच्या पद्धतीसाठी दोन ओळी, दोन स्तंभांचा निश्चयक शिकवला आहे. नाशिकपासून येवल्याचे फरक (०.७, ०) पहिल्या ओळीत आणि देवळ्याचे (०.४, ०.५) दुसऱ्या ओळीत लिहा. निश्चयकाची किंमत ०.७ × ०.५ वजा ० × ०.४, म्हणजे ०.३५. त्याची निमपट ०.१७५ हे त्रिकोणाचे क्षेत्रफळ. पाया गुणिले उंची भागिले दोन करून पडताळता येते. आता प्रतिमेचे फरक लिहा: (०, ०.७) आणि (०.५, ०.४). किंमत ० × ०.४ वजा ०.७ × ०.५, म्हणजे उणे ०.३५. आकडा तोच, चिन्ह उलटे. घड्याळाच्या उलट फेऱ्याला धन, काट्यांच्या दिशेला ऋण. सबंध उत्तरात आरशाची खूण सांगणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे हे उणे चिन्ह.

आणि नेमके तेच आपण पुसून टाकायला शिकवतो. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचे सूत्र एनसीईआरटीच्या दहावीत होते तेव्हा उत्तर ऋण आल्यास क्षेत्रफळ ऋण असू शकत नाही म्हणून फक्त संख्यात्मक किंमत घ्यावी, असे सांगितलेले असे. २०२२ मध्ये अभ्यासक्रम हलका करताना तो भागच वगळला गेला. क्षेत्रफळ ऋण नसते हे बरोबर आहे. पण ते उणे कोठून आले, हा प्रश्न एखाद्या चौकस मुलीने विचारलाच तर तिला ‘ते सोडून दे’ हे उत्तर मिळते, आणि ती पुढे विचारीत नाही. त्या चिन्हात त्रिकोणाचा फेरा दडलेला आहे हे दोन मिनिटांत सांगता येते. ज्या गोष्टीचा अर्थ आहे ती निरर्थक म्हणून टाकायला लावणे, ही आमच्या मते या विषयाच्या शिकवणीतली सर्वांत मोठी उणीव आहे. परावर्तनाचे प्रकरण नसणे त्यामानाने लहान.

तिरका आरसा मुलांना जड जातो, हेही खरे आहे. इंग्लंडमध्ये डिटमार क्यूखमन यांनी मुलांच्या परावर्तनाच्या आकलनाचा अभ्यास केला होता. तो १९८१ साली ११ ते १६ वयाच्या मुलांच्या गणितविषयक समजुतींवरील पुस्तकात प्रसिद्ध झाला. आरसा उभा वा आडवा असताना बरोबर प्रतिबिंब काढणारी मुले आरसा तिरका झाला की गोंधळतात. त्याच्या तिरकेपणाकडे दुर्लक्ष करून ती आकृतीला आडवे किंवा उभे पलीकडे नेतात, असे त्यांना आढळले. यावर ‘क्ष-य अदलाबदल’ हा तोडगा लागू पडतो, पण मुलाने आरशाकडे न पाहता उत्तर काढले, इतकेच त्यातून सिद्ध होते.

मग अदलाबदल का चालते हे नववी-दहावीच्या मुलाला पटवता येईल का? त्यासाठी नवे काहीच लागत नाही. (अ, ब) आणि (ब, अ) हे दोन बिंदू घ्या. य = क्ष या रेषेवरचा कोणताही बिंदू (ट, ट) असा असतो. त्याच्यापासून पहिल्या बिंदूपर्यंतच्या अंतराचा वर्ग (ट − अ)² + (ट − ब)². दुसऱ्या बिंदूपर्यंतच्या अंतराचा वर्ग (ट − ब)² + (ट − अ)². बेरजेतील पदांची जागा बदलली, बेरीज तीच. म्हणजे रेषेवरचा प्रत्येक बिंदू दोघांपासून सारख्या अंतरावर आहे. नववीतले लंबदुभाजकाचे प्रमेय सांगते की असा प्रत्येक बिंदू त्या दोघांना जोडणाऱ्या रेषाखंडाच्या लंबदुभाजकावर असतो. तेव्हा य = क्ष हाच तो लंबदुभाजक. आणि बिंदू व त्याची प्रतिमा यांच्या मधोमध, काटकोनात उभा असलेला आरसा म्हणजे दुसरे काय? नववीचे प्रमेय आणि दहावीचे सूत्र एकत्र येऊन काही सिद्ध करीत आहेत, असा प्रसंग या दोन पुस्तकांत फार क्वचित येतो.

या सिद्धतेत एक अट मुकाट्याने वापरली आहे, तीही उघड करावी. अंतराचे सूत्र दोन्ही अक्षांवर एकक सारखे असेल तरच खरे अंतर देते. चौरस रुमाल तिरका दुमडला की टोकाला टोक मिळते. लांबट पंचा कर्णावर दुमडून पाहा. टोके मिळत नाहीत. आलेख कागदावर एका अक्षावर १ सेमी म्हणजे १ एकक आणि दुसऱ्यावर १ सेमी म्हणजे १० एकक घेतले, तर कागदाचा पंचा झाला. य = क्ष ही रेषा मग ४५ अंशांवर राहत नाही, आणि त्या रेषेवर घडी घातली तर (ब, अ) हा बिंदू (अ, ब) वर येऊन पडत नाही. अदलाबदलीचा नियम आकड्यांत चालू राहतो, आरसा मात्र मोडलेला असतो. उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात ‘प्रमाण’ लिहायला आपण लावतो ते एक गुण जाऊ नये म्हणून. ते का लिहायचे हे इथे समजते.

आपला नाशिकचा त्रिकोणही याच अटीवर अडतो, आणि भूगोलाचे शिक्षक इथे हात वर करतील. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सुमारे १११ किलोमीटर असतो, पण रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जावे तसा आक्रसतो. २० अंश अक्षांशावर तो सुमारे १०५ किलोमीटर आहे. ७४ अंशांवर अवघा तीसएक. अंशांत मोजले तर दोन्ही त्रिकोण एकरूप. किलोमीटरमध्ये मोजले तर नाशिक–येवला हा ७३ किलोमीटरचा पाया समुद्रात ७८ किलोमीटर होतो, आणि देवळ्याची ५५ किलोमीटर उंची १५ किलोमीटरवर येते. सुमारे २००० चौरस किलोमीटरचा त्रिकोण सहाशेच्या आत चिंबून जातो. सपाट कागदावर जे प्रतिबिंब आहे ते गोल पृथ्वीवर प्रतिबिंब नाही. पण डाव्याचे उजवे तिथेही होतेच. आकार बिघडला तरी फेरा उलटायचा तो उलटतोच. आमच्या मते हा भाग नववीच्या वर्गात गणित आणि भूगोल या दोन्ही शिक्षकांनी मिळून घेण्यासारखा आहे. वेळापत्रकात असा तास बसवणे कठीण, हे आम्ही जाणतो.

तिरका आरसा नेहमी ४५ अंशांचाच असतो असा समज होऊ नये म्हणून एक प्रश्न वर्गात जरूर द्यावा. य = २क्ष या रेषेत (५, ०) या बिंदूचे प्रतिबिंब कोणते? ज्याने फक्त अदलाबदल पाठ केली आहे तो (०, ५) म्हणेल. त्याला मध्यबिंदू काढायला लावावा. तो (२.५, २.५) येतो, आणि तो या रेषेवर नाही, कारण २.५ ची दुप्पट ५ होते. खरे उत्तर (−३, ४). मध्यबिंदू (१, २), रेषेवर आहे. रेषेवरचा आणखी एक बिंदू म्हणजे आरंभबिंदू. त्याच्यापासून (५, ०) पाच एकके दूर, आणि (−३, ४) हाही पाचच, कारण ९ आणि १६ मिळून २५. मुलांना हे उत्तर आधी सांगू नये. आलेख कागदावर रेषा काढून, घडी घालून, टाचणीने टोचून शोधू द्यावे, आणि मग सूत्राने पडताळायला लावावे. घडी नीट पडली तर टाचणीचे भोक (−३, ४) च्या अगदी जवळ येते. शेजारच्याचे भोक किंचित दुसरीकडे येईल, त्यावरून वाद होईल. तो होऊ द्यावा.

त्रिकोण निवडताना आपापल्या परिसरातली तीन ठिकाणे घ्यावीत, फक्त ती फार जवळची नसावीत. देवळा, कळवण आणि सटाणा घेतले तर एका दशांश स्थळापर्यंतच्या आकड्यांत काही किलोमीटरची लबाडी शिरते आणि त्रिकोणाचा आकारच बदलतो. तिथे दोन दशांश स्थळे लागतील. ठिकाणे जवळजवळ एका रेषेत येणार नाहीत हेही आधी पाहून ठेवावे. नाशिक, देवळा आणि धुळे हा त्रिकोण नकाशावर बरा वाटतो, पण कागदावर काढला की इतका चपटा निघतो, की मागच्या बाकावरून त्याचे डावे-उजवे दिसणार नाही.